सगळ्यांचे उजवेच हात

गोव्याला निघालेल्या मराठी कुटुंबात एक माणूस असा निवडावा लागतो, ज्याला समुद्राचं फारसं वेड नाही, दुपारी झोप लागत नाही आणि ज्याला 'थोडाफार इतिहास माहीत आहे'. घरातलं सगळ्यांत लहान मूल आणि सगळ्यांत वडीलधारं माणूस त्याच्या हवाली करून बाकीची मंडळी कळंगुटला पळतात. आमच्या घरात ही निवड दरवेळी बिनविरोध होते. "तू त्यांना जुनं गोवं दाखव, तुला आवडतंच ना," असं म्हणून बहीण आणि मेहुणे वाळूच्या दिशेने गडप झाले. मी, माझी आई आणि दुसरीत शिकणारी भाची चिऊ असे तिघं पणजीच्या कदंब स्टँडवर ओल्ड गोव्याच्या बसमध्ये चढलो.

बस मांडवीच्या कडेकडेने रायबंदरकडे निघते. नदीत कॅसिनोची जहाजं उभी असतात.

"मामा, ह्या बोटी कुठे जातात?"

"कुठेच जात नाहीत."

"मग लोक कशाला बसतात?"

"पैसे घालवायला."

आईने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि "हॉटेल आहे गं ते, बाळा," अशी दुरुस्ती केली. आपण ज्या रस्त्याने चाललोय तो पोर्तुगीजांनी १६३०च्या दशकात दलदलीतून बांधून काढलेला तीन किलोमीटर लांबीचा बांध आहे, चारशे वर्षं होत आली तरी अजून बसचं ओझं पेलतोय, हे मी मोठ्या उत्साहाने सांगायला घेतलं. पण तेवढ्यात चिऊला बगळा दिसला. बांध वाया गेला.

ओल्ड गोव्याला उतरलं की एकदम मोकळंढाकळं वाटतं. मोठमोठी हिरवळ, तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने एकेक अवाढव्य चर्च, मध्ये माड आणि पर्यटकांच्या बसगाड्या. चिऊने चहूकडे मान फिरवली आणि तिथेच पहिला प्रश्न टाकला. "इथे देवच देव आहेत. माणसांची घरं कुठेयत?"

हा प्रश्न इतका नेमका आहे, की पुष्कळ मोठी माणसं सगळी चर्चं पाहून, फोटो काढून परत जातात तरी त्यांना तो पडत नाही. इथे खरोखरच शहर होतं. आदिलशहाकडून पोर्तुगीजांच्या आल्बुकर्कने १५१० साली ते घेतलं, आणि पुढच्या शंभर वर्षांत ते एवढं फुगलं की त्याची लिस्बनशी बरोबरी होऊ लागली. मग पटकी आली, हिवताप आला, विहिरींचं पाणी बिघडलं. साथीमागून साथ. १७५९ साली खुद्द व्हाइसरॉयनेच पणजीच्या बाजूला बिऱ्हाड हलवलं. साहेबच गेल्यावर कारकून कशाला थांबतोय? १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. पडक्या वाड्यांचे चिरे उचलून लोकांनी पणजीत नवी घरं बांधली. मागे राहिली ती बहुतेक चर्चंच.

"म्हणजे माणसं गेली आणि देवांना इथेच ठेवून गेली?"

"आपलं तरी काय वेगळंय?" आई म्हणाली. "कुलदैवत गावाला, आपण नाशकात. वर्षातून एकदा जायचं, तेही तुझ्या बापाला रजा मिळाली तर."

बॉं जेझूस बासिलिकाच्या वाटेवर मेणबत्त्या विकणाऱ्या बायका बसतात. त्यांच्याकडे नुसत्या मेणबत्त्या नसतात, मेणाचे हात, पाय, डोकी, बाळं असंही असतं. ज्या अवयवाचं दुखणं तो अवयव देवापुढे ठेवायचा, अशी रीत. मुंबईकरांनी ती बांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत पाहिलेली असते. आई नाशिकची, तिला हे नवीन. पण रीत समजायला तिला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

"गुडघा आहे का हो?"

बाईने पाय दाखवला.

"पाय नको, पाय बरा आहे. नुसता गुडघा हवाय. डावा."

सुटा गुडघा मिळत नाही, पूर्ण पायच घ्यावा लागेल, असं बाईने समजावलं. आईला हा व्यवहार पटला नाही. दुखणं एवढंसं आणि पाय अख्खा, असं ती पुढे बराच वेळ म्हणत होती. शेवटी तिने दोन मेणबत्त्या घेतल्या. चिऊला मात्र हातांच्या ढिगाने खिळवून ठेवलं. दिवसभराच्या हाताच्या प्रकरणाची ही सुरुवात होती, तेव्हा मला त्याची कल्पना नव्हती.

बासिलिकाच्या समोर उभं राहिलं की लाल जांभ्याची तीनमजली भिंत अंगावर येते. वर मध्यभागी जेझुइटांची मुद्रा. काम १५९४ साली सुरू झालं आणि १६०५ साली अभिषेक झाला. हे मी सांगत असताना चिऊ भिंतीकडे सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नजरेने बघत होती.

"ह्यांचं प्लास्टर करायचं राहिलंय."

मी हसलो. पण यात हसण्यासारखं काही नाही. ही इमारत मुळात चुन्याच्या गिलाव्याने झाकलेली होती, गोव्यातल्या इतर चर्चांसारखी पांढरी. १९५०च्या दशकात बाल्ताझार कास्त्रू नावाच्या पोर्तुगीज तज्ज्ञाने उघडा दगड जास्त पुरातन दिसतो म्हणून गिलावा काढून टाकला. जांभा आधीच मऊ आणि सच्छिद्र, त्यात कोकणातला पाऊस. तेव्हापासून दगड झिजतोय. गिलावा परत चढवा, असं अलीकडे बासिलिकाच्या रेक्टरांनीच म्हटलं, आणि त्यावर जाणकारांत वाद चालू आहे. लाखो पर्यटकांच्या फोटोंत जी लाल भिंत 'सोळाव्या शतकातली' म्हणून मिरवते, तिचं हे उघडं रूप माझ्या आईपेक्षाही वयाने लहान आहे. दुसरीतल्या मुलीने ते एका वाक्यात निकालात काढलं.

दारात चपलांचा प्रश्न आला. आईने सवयीने चपला काढल्या. दारावरच्या माणसाने चपला घालूनच आत जा म्हणून खूण केली. आईने नाही म्हणून खूण केली. त्याने पुन्हा केली. "देवापुढे चपला घालून जाऊ? मला काही व्हायचं राहिलंय का?" असं म्हणत आईने चपला पिशवीत घातल्या आणि ती अनवाणी आत शिरली. पिशवीत चपलांच्या वर मेणबत्त्या होत्या हे तिच्या लक्षात आल्यावर वेगळी धावपळ झाली, ती सांगत बसत नाही.

आत गेल्यावर समोर सोन्याने मढवलेली भलीमोठी वेदी दिसते. तिच्यात इग्नेशियस लोयोला यांचा पुरुषभर उंचीहून मोठा पुतळा आणि त्यांच्या पायाशी लहानगा बाळ येशू. चर्च बाळाच्या नावाचं आणि जागा सगळी मोठ्यांनी व्यापलेली.

"हे बाळाचं देऊळ आहे ना? मग बाळ एवढुसं का?"

"मोठी माणसं अशीच मध्ये मध्ये उभी राहतात," आई म्हणाली. तिचा रोख कोणाकडे होता ते मी विचारलं नाही.

उजव्या हाताला वळलं की गर्दी दाटते, कारण तिथे गोंयचो सायब आहेत. सेंट फ्रान्सिस झेवियर. नवारचा सरदारपुत्र, १५४२ साली गोव्यात आला. हातात घंटा घेऊन तो गल्लीबोळांतून फिरे आणि पोरांना गोळा करून शिकवायला बसवी, असं त्याची चरित्रं सांगतात.

"घंटागाडीसारखं?" चिऊने विचारलं. नाशिकच्या मुलीला दुसरं काय सुचणार!

तो १५५२च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. पुढे हाडं न्यायला सोपं जावं म्हणून देह चुन्यात पुरला. काही महिन्यांनी उकरला तर तो जसाच्या तसा होता, असं सांगतात. मग मलाक्का, आणि १५५४च्या मार्चमध्ये गोवा. इथवर चिऊ अगदी शहाण्यासारखी ऐकत होती. पण मी मूर्खासारखं पुढे सांगितलं, की दर्शनाला ठेवलेल्या देहाच्या पायाचं चुंबन घेण्याच्या मिषाने एका पोर्तुगीज बाईने बोटच दातांनी तोडून नेलं.

"चावली???"

चर्चमध्ये आवाज घुमतो. ते तसेच बांधलेले असतात. पुढच्या बाकावर गुडघे टेकून बसलेल्या एका आजोबांची जपमाळ थांबली. ओठांवर बोट ठेवून मी कुजबुजत पुढची हकिगत सांगायला घेतली, कारण आता थांबलो असतो तर तिने तोच प्रश्न पुन्हा, त्याहून मोठ्याने विचारला असता. १६१४ साली रोमहून हुकूम आला आणि उजवा हात कोपरापासून काढून तिकडे पाठवला गेला. रोममधल्या जेझुइटांच्या मुख्य चर्चमध्ये तो आजही आहे. २०१८ साली तो हात कॅनडाच्या दौऱ्यावर गेला तेव्हा विमानात त्याच्यासाठी वेगळी सीट आरक्षित केली होती.

चिऊने थोडा विचार केला. "खिडकीची?"

आई इतका वेळ हात जोडून उभी होती. ती हळूच म्हणाली, "आपल्याकडे पादुका गावोगाव फिरतात. ह्यांनी पाऊलच पाठवलं म्हणायचं." मग तिने शवपेटीला मनोभावे नमस्कार केला.

ही पेटी गोव्याच्याच सोनारांनी १६३६-३७मध्ये घडवलेली, चांदीची. पण ती एवढ्या उंचावर आहे की सात वर्षांच्या मुलीला खालचा संगमरवरच दिसतो. मी तिला खांद्यावर घेतलं. संगमरवरी चौथऱ्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याला झेवियरच्या डोक्याखालची उशी भेट म्हणून मिळाली. तिची फेड म्हणून त्याने फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याच्याकडून हे काम करून घेतलं. त्याला दहा वर्षं लागली. मग सुटे भाग जहाजातून आले आणि १६९८ साली इथे जोडले गेले.

"एका उशीचं एवढं?" आईने विचारलं. आमच्या घरी उशांचे अभ्रे कोणी बदलायचे यावरून होणारी भांडणं तिच्या डोळ्यांसमोर असावीत.

खांद्यावरून चिऊचा आवाज आला, "मामा, इथे शिवाजी महाराज आले होते?"

कोणत्याही जुन्या भिंतीसमोर मराठी मूल हा प्रश्न विचारतंच, आणि बहुतेक ठिकाणी आपल्याला कसनुसं होऊन 'नाही' म्हणावं लागतं. इथे मात्र माझी कॉलर ताठ झाली. शिवाजी महाराज नाही, पण संभाजी महाराज येता येता राहिले. १६८३च्या नोव्हेंबरात मराठ्यांनी समोरचं जुवें बेट घेतलं. गोवा शहर तिथून हाकेच्या अंतरावर. व्हाइसरॉय होता कोंदी द आल्वोर. त्याने प्रतिकाराला जाऊन मार खाल्ला, परत आला तो थेट इथे, या शवपेटीशी. पेटी उघडायला लावली, आपला अधिकारदंड संताच्या हाती ठेवला आणि आता तूच सांभाळ म्हणून साकडं घातलं.

"कोणत्या हातात?"

मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. उजवा हात तेव्हा रोममध्ये जाऊन सत्तर वर्षं होत आली होती.

"डाव्या असणार," मी म्हणालो.

"मग?"

"मग औरंगजेबाच्या मुलाची, शाहआलमची मुघल फौज कोकणात उतरू लागली आणि महाराजांना मागे फिरावं लागलं."

"म्हणजे गोवा औरंगजेबाने वाचवलं?"

भाविक म्हणतात सायबाने वाचवलं, इतिहासकार म्हणतात मुघलांमुळे वाचलं. खांद्यावरच्या मुलीला दोन्ही उत्तरं आवडली नाहीत. तिने त्या शवपेटीकडे दिवाळीतल्या किल्ल्यावरच्या शत्रूकडे बघावं तसं एकदा रोखून पाहिलं आणि "मला खाली उतरव" म्हणाली.

खाली उतरल्यावर तिला लाकडी कपाटासारखी, जाळीची खिडकी असलेली वस्तू दिसली. तिकीटखिडकी का, असं तिने विचारलं. मी सांगितलं, इथे आत फादर बसतात. आपण बाहेर गुडघे टेकायचे आणि आपल्या हातून काय काय चुका झाल्या ते त्यांना सांगायचं.

"मग फादर आईला सांगतात?"

"कोणालाच सांगत नाहीत. काही झालं तरी नाही. तसा नियमच आहे."

ती त्या कपाटाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर हिशेब चालू असल्याचं स्पष्ट दिसत होतं. शेवटी म्हणाली, "तुम्ही दोघं बाहेर थांबा. मी पाच मिनिटांत येते." फादर आत्ता आत नाहीत, हे पटवायला मला बरीच मेहनत घ्यावी लागली. ती काय सांगणार होती ते मला अजूनही कळलेलं नाही. माझ्या चष्म्याची एक काडी मात्र त्या सहलीच्या आधीपासून डगमगत होती.

रस्ता ओलांडला की से कथीड्रल. सेंट कॅथरिनच्या सणादिवशी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकर्कने गोवा जिंकलं म्हणून ते तिच्या नावाने बांधलं. १५६२ साली काम काढलं ते १६१९पर्यंत चाललं, आणि आतल्या वेद्या पुऱ्या व्हायला आणखी तीसेक वर्षं गेली. मूळच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला. तो पुन्हा बांधलाच नाही, म्हणून दर्शनी भाग आजही एका बाजूने रिकामा दिसतो. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातली सगळ्यांत मोठी घंटा आहे. तिला सोन्याची घंटा म्हणतात, नाद तसा म्हणून.

"मी वाजवते."

देवळात शिरल्यावर घंटा वाजवणं हा मराठी मुलाचा जन्मसिद्ध हक्क. तो इथे चालत नाही, हे ऐकल्यावर चिऊचा चेहरा पडला. प्रसादही नाही हे तिला मघाशीच कळलं होतं. "घंटा नाही, प्रसाद नाही, मग लोक येतात कशाला?" हा तिचा सवाल धर्मशास्त्राच्या कोणत्याही परीक्षेत घालण्यासारखा आहे. तिची समजूत घालायला मी नाशिक काढलं. "नारोशंकराच्या देवळातली घंटा आठवते का? पंचवटीत, गोदेच्या काठी?"

"ती मोठ्ठी? पुराच्या वेळी टीव्हीवर दाखवतात ते देऊळ?"

"तीच. ती चर्चची आहे."

चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चांतल्या कितीतरी घंटा मराठी सरदारांनी वाजतगाजत नेल्या आणि देवळांत टांगल्या. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे, नाशिकला आहे. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल ओतलेलं आहे, आणि देऊळ त्यानंतरचं. येशूच्या प्रार्थनेसाठी ओतलेली घंटा पावणेतीनशे वर्षं महादेवापुढे आहे, आणि तिने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. आई यावर काहीच बोलली नाही. त्या घंटेखाली तिने आजवर कितीदा हात जोडले असतील, याची ती मनातल्या मनात मोजदाद करत असावी.

कथीड्रलच्या आत एका बाजूच्या कपेलात 'चमत्काराचा क्रूस' आहे. १६१९ साली त्यावर येशूचं दर्शन झालं, अशी श्रद्धा. हा लाकडी क्रूस वाढतो, असंही भाविक मानतात. चिऊने लगेच विचारलं, भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा कुठे आहेत? आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दारावर तिच्या उंचीच्या खुणा आहेत, तारखांसकट. एवढ्या मोठ्या चर्चमध्ये ही साधी गोष्ट कोणी केली नाही, याचं तिला नवल वाटलं. मलाही.

बाहेर हिरवळीवर पाणी प्यायला बसलो. या कथीड्रलच्या शेजारीच एके काळी इन्क्विझिशनचा वाडा होता. आता त्याचा मागमूस नाही. १५६० साली ते न्यायालय इथे बसलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२पर्यंत चाललं. लपूनछपून जुने देव पुजणाऱ्या, जुन्या रीती पाळणाऱ्या नवख्रिस्ती माणसांना पकडायचं, कोंडायचं, छळायचं, काहींना जाळायचं. त्याआधी नि त्याच काळात इथली देवळंही पाडली गेली. मंगेशी, शांतादुर्गा ही देवळं नदीपलीकडे गेली ती याच धाकाने. गाइड लोक हा भाग पटकन उरकतात. मीही सात वर्षांच्या मुलीला "इथे कोर्ट होतं" एवढंच म्हणालो. पण आईने मंगेशीचं स्थलांतर सांगितलं, आणि बाकीचं चिऊने ओढून काढलं. गोव्यात असं न्यायालय बसवा म्हणून पोर्तुगालच्या राजाला १५४६ साली पत्र कोणी लिहिलं, तर खुद्द झेवियरने. ते बसलं मात्र त्याच्या मृत्यूनंतर.

"घंटा वाजवून मुलांना बोलावणारा?"

"हो. इस्पितळात जाऊन रोग्यांची सेवा करणाराही तोच."

"मग तो चांगला की वाईट?"

मी घसा खाकरला. अशा वेळी माझ्याकडे 'त्या काळाचा संदर्भ लक्षात घेता' या सुरुवातीचं एक वाक्य तयार असतं. आई म्हणाली, "दोन्ही. तू पाणी पी."

यापुढे काही सांगण्याची माझी छाती नव्हती, म्हणून मी फादर स्टीफन्सला आणलं. हा माझा हुकमी एक्का. थॉमस स्टीफन्स, इंग्लंडातला माणूस, १५७९ साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत, १६१९पर्यंत, इथेच राहिला. बासिलिकाचे चिरे चढत होते तेव्हा तो गोव्यात होता. तो मराठी शिकला. नुसता शिकला नाही, सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' लिहून मोकळा झाला. १६१६ साली ते राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. आई ज्ञानेश्वरीची पारायणं करणारी, तिला ओव्यांचा आकडा बरोबर समजतो. "ज्ञानेश्वरीपेक्षा दोन हजार जास्त?" तिने विचारलं. "आणि इंग्रज?" मग नातीकडे वळून म्हणाली, "बघ. आणि तुला एकोणसत्तर म्हटलं की सिक्स्टी नाइन का असं विचारावं लागतं."

गंमत अशी की अधिकारदंड घेऊन शवपेटीशी धावलेला तो कोंदी द आल्वोर, त्यानेच १६८४ साली हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलायला लागावं.

"मग टाकली?"

"मघाच्या बसचा कंडक्टर काय बोलत होता?"

"कोंकणी," चिऊ म्हणाली. संभाजी महाराजांचा थोडातरी बदला निघाल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं.

सेंट कॅजेतानचं चर्च रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर आहे. त्याचा घुमट चांगला आहे, घुमटाखाली विहीर आहे. चिऊला विहिरीत डोकवायचं होतं, आईला तिला डोकवू द्यायचं नव्हतं. घुमट कोणीच पाहिला नाही. शेजारी आदिलशहाच्या वाड्याच्या दाराचे दोन खांब आणि वरची पट्टी एवढंच उरलंय. त्या दारातून चिऊ आतबाहेर करून आली.

खरी मजा आली ती मोन्ते सांतु टेकडीवर, सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चमध्ये. इथे छप्पर नाही, गप्प बसा म्हणणारं कोणी नाही, पळायला मोकळी जागा आहे. लहान मुलांना न्यायचंच असेल तर पडकी चर्चं जास्त सोयीची, असं माझं स्पष्ट मत आहे. १६०२च्या सुमारास बांधून झालेली ही इमारत. १८३५ साली धार्मिक संघांना हाकललं तेव्हा ती ओस पडली, १८४२ साली छत कोसळलं, १९३१ साली दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. शेहेचाळीस मीटरच्या मनोऱ्याचा उभा अर्धा तुकडा तेवढा राहिला. पुरातत्त्व खात्याने इथे वर्षानुवर्षं एका राणीला शोधलं. जॉर्जिया देशाची राणी केतेवान. तिला इराणच्या शाहने १६२४ साली शिराझला धर्म सोडत नाही म्हणून हालहाल करून मारलं. ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यांतले काही या चर्चमध्ये आणून ठेवले. जुन्या कागदांत खिडकीसकट जागेची खूण लिहिलेली होती. हाडं सापडली, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांचा डीएनए तपासला, आणि २०२१ साली भारताने त्यांतला एक भाग जॉर्जियाला भेट दिला.

"राणी पूर्ण सापडली?"

"नाही. हात."

"कोणता?"

मला उत्तर माहीत होतं, आणि ते द्यायची माझी मुळीच इच्छा नव्हती. "उजवा."

चिऊ ढिगाऱ्यावर उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "इथे सगळ्यांचे उजवेच हात का?"

कला, स्थापत्य, धर्मसत्ता या सगळ्यांवर मी चार वाक्यं बोलू शकतो. या प्रश्नावर एकही नाही. "आशीर्वाद उजव्या हाताने देतात," आई म्हणाली. मला हे सुचलं नव्हतं, आणि याहून चांगलं उत्तर मी कोणत्या पुस्तकात वाचलेलंही नाही.

ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली घंटा १८७१पासून पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चवर आहे, नागमोडी पायऱ्यांच्या त्या पांढऱ्या चर्चवर. ती रस्त्यावरूनही दिसते हे कळल्यावर चिऊला ती पाहायचीच होती. संध्याकाळी आम्ही तिथे पोचलो, आणि त्या पायऱ्या चिऊ स्वतःच्या पायांनी चढणार नव्हती हे ओघानेच आलं. आईचा डावा गुडघा खालीच बसला. मघाशी अख्खा पाय घेतला असता तर बरं झालं असतं, असं तिचं मत पडलं.

कोणाला जायचं असेल तर उपयोगाच्या चार गोष्टी सांगतो. सकाळी लवकर जा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, तेव्हा पर्यटकांना ताटकळावं लागतं. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. झेवियरचा देह खाली उतरवून दर्शनाला ठेवतात तो सोहळा दहा वर्षांनी एकदा होतो. मागचा २०२४च्या नोव्हेंबरात सुरू झाला होता, तेव्हा पुढच्याला बराच अवकाश आहे. आणि मूल न्यायचं असेल तर शक्यतो बहिणीचं न्या. संध्याकाळी ते सगळ्या प्रश्नांसकट परत करता येतं.